अंदाजपत्रकात न आलेले आकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात कर्करोगावरच्या परदेशी उपचारांच्या ‘मोफत मार्गदर्शन शिबिरा’ची अर्धा पान जाहिरात होती. सांगलीतलंच हॉटेल, सकाळी दहा ते दुपारी चार, येताना रुग्णाची फाइल आणावी. ‘इम्युनोथेरपी’ (शरीराचीच प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारे उपचार) हा शब्द त्या जाहिरातीत सात वेळा आहे, मी मोजला. औषधाचं नाव मात्र एकदाही नाही. डोस किती आणि एका डोसला पैसे किती, हेही नाही. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी जाहिरातीखालचा नंबर लिहून घेतलाय, म्हणून हे पत्र. ते लांबलंय याची मला कल्पना आहे. काटछाट करावी लागली तर माझं बोलणं कापा, आकडे तेवढे राहू द्या.

मी जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १४ हिशेब विभागात. यजमान पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. विडी, सिगारेट, तंबाखू, कशालाच त्यांनी कधी हात लावला नाही. जून २०२३ मध्ये खोकला लागला. पावसाळ्याचा असेल म्हणून अंगावर काढला. ऑगस्टमध्ये एक्स-रे झाला, मग सिटी स्कॅन, मग पुण्यात बायोप्सी आणि पेट स्कॅन. फुप्फुसाचा कर्करोग, अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारचा, चौथी स्टेज.

पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून पाऊण तास समजावलं. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या तपासण्या निगेटिव्ह, म्हणजे त्यावरच्या गोळ्यांचा उपयोग नाही. पण पीडी-एल१ या कर्करोगाच्या पेशीवरच्या खुणेचा आकडा ७० टक्के आहे, आणि तो आपल्या बाजूने आहे. कर्करोगाची पेशी आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना ‘मी घरचीच’ अशी खूण दाखवून सुटते. त्यांनी सुचवलेलं औषध ती खूण चालू देत नाही, मग पहारेकरी तिला ओळखतात आणि मारतात. या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो या दोघांना. औषधाचं नाव पेम्ब्रोलिझुमॅब. दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासाचं सलाइन, जास्तीत जास्त दोन वर्षं, म्हणजे ३५ डोस. मी ‘बरे होतील ना?’ विचारलं, तर त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले, ज्यांचा पीडी-एल१ ५० टक्क्यांच्या वर असतो अशा रुग्णांवर मोठी चाचणी झाली आहे. हे औषध दिलेल्या शंभरातले साधारण ३२ जण पाच वर्षांनी हयात होते, केमो दिलेल्यांपैकी १६. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तो कागद फाइलमध्ये सगळ्यात खाली गेला आणि पुढचे दोन महिने मी तो वर काढला नाही. माझी चूक तिथून सुरू झाली.

घरी बैठक बसली. अशा बैठका कशा असतात हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, पैशाकडे बघू नका. इथं थांबून काय होणार?” नणंदेने तिच्या जावेच्या भावाचं सांगितलं, तो परदेशातून बरा होऊन आला. त्याला कुठला कर्करोग होता ते कोणालाच माहीत नव्हतं. पुतण्या सिंगापूरला नोकरीला आहे, त्याचा रात्री फोन आला, “काकू, काकांना घेऊन या, मी आहे इथं.” त्याच्या मनात आमच्याबद्दल माया होती, ती आजही आहे. पण त्या रात्रीनंतर वातावरण असं झालं की, परदेशी जाऊ म्हणेल त्याला माणसाची किंमत आणि थांबू म्हणेल त्याला पैशाची. ‘थांबू या’ हे मला म्हणायचं होतं. यजमानांच्या देखत ते तोंडातून निघेना.

पुण्यातल्या एका मध्यस्थाकडून अंदाजपत्रक आलं, मोबाइलवर, एक पान. चार ओळी होत्या: डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, ‘प्रगत इम्युनोथेरपी’ आणि ती देण्याचा खर्च. खाली बेरीज, दर फेरीला अंदाजे १२ हजार सिंगापूर डॉलर. डॉलर तेव्हा ६२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ७ लाख ४४ हजार. सुरुवातीला तीन फेऱ्या, मग स्कॅन करून पुढचं ठरवू, असं मध्यस्थ म्हणाला. तीन फेऱ्यांचे २२ लाख ३२ हजार. मुदत ठेवी मोडल्या, कुपवाडचा प्लॉट विकला, तयारी झाली.

संपादक महाशय, ३१ वर्षं मी दुसऱ्यांच्या कर्जप्रकरणात हप्ता गुणिले महिने करून बघत आले. माझ्या स्वतःच्या घरात १२ हजार गुणिले ३५ हा गुणाकार मी केला नाही. तो ४ लाख २० हजार डॉलर होतो. रुपयांत २ कोटी ६० लाख. हा आकडा त्या संध्याकाळी कोणी बैठकीत मोठ्याने म्हटला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. इतका पैसा आमच्या सात पिढ्यांत कोणाकडे नव्हता. म्हणजे उपचार अर्ध्यात सोडून परत यायचं, हे जाण्याआधीच ठरलेलं होतं, फक्त आम्हाला ते कळलेलं नव्हतं.

२ नोव्हेंबर २०२३ ला आम्ही गेलो. दिवाळी तिकडेच झाली. नातीची ती पहिली दिवाळी होती.

पहिल्याच भेटीत कळलं की इथले रिपोर्ट तिथे जसेच्या तसे धरत नाहीत. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि काचा आम्ही पुण्याहून नेल्या होत्या, हे नशीब. त्या पुन्हा तपासल्या, पीडी-एल१ पुन्हा केलं, १,९०० डॉलर. पेट स्कॅन पुन्हा, २,८००. ठरलेल्या फीखेरीज इतर डॉक्टरांच्या फीचे ९००. यातली एकही ओळ अंदाजपत्रकात नव्हती. पीडी-एल१ किती आलं? ७० टक्के. पुण्याइतकंच.

८ नोव्हेंबरला पहिला डोस. तिथल्या परिचारिका कामाला चोख आणि बोलायला गोड होत्या, त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. एकीने फ्रीजमधून दोन छोट्या बाटल्या आणल्या, दुसरीला बोलावलं, आणि दोघींनी बाटलीवरचं नाव, मात्रा, तारीख एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवली. मी रोजकीर्द ठेवत होते, साधी दोनशेपानी वही, बँकेची सवय. त्यात ते नाव मी अक्षर अक्षर लावून लिहिलं. पेम्ब्रोलिझुमॅब, १०० मिलिग्रॅम, ४ मिली, दोन नग. आतलं औषध पाण्यासारखं, उजेडात धरलं तर किंचित पिवळसर. लिहून झाल्यावर मला वाटलं, हे नाव मी कुठेतरी वाचलंय. रात्री पुतण्याच्या घरी फाइल उपसली आणि तळाशी पुण्याचा कागद निघाला. तेच नाव, तीच मात्रा, तेच तीन आठवडे.

तो कागद मी यजमानांना दाखवला नाही. त्यांना झोप लागली होती.

दुसऱ्या डोसाच्या वेळी तिथल्या डॉक्टरांना मी धीर करून विचारलं. माझं इंग्रजी बेताचं, पुतण्या सोबत होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हे औषध मुंबईतही हेच आहे. तुम्ही इथे कशासाठी आलात ते मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. मला वाटलं, तुमचे कोणी इथे राहत असतील.” त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याने खरं सांगितलं. मध्यस्थाला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

पुतण्याचं घर दोन खोल्यांचं. त्याच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून महिन्याभराने आम्ही भाड्याची खोली घेतली. आम्हाला मिळालेला पास ३० दिवसांचा, तो वाढवून घेण्याची धावपळ वेगळी. यजमानांची एक गोष्ट सांगते, ती कुठल्याच बिलात नाही. ते तिथे प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजायला लागले. चहा दीड डॉलर, म्हणजे त्र्याण्णव रुपये. दोन दिवसांनी म्हणाले, मला हल्ली चहा आवडत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं सकाळी दोन आणि दुपारी एक कप चहा घेतला, तो सिंगापुरात अकरा आठवडे चहाशिवाय राहिला. लिटल इंडिया भागातल्या मुस्तफा या मोठ्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, ते आणून मी खोलीवर भाकऱ्या करायचे. त्या भाकरीचाही हिशेब त्यांनी केला असणार, मी विचारलं नाही.

तिसरा डोस २० डिसेंबरला झाला. वर्षअखेरीला जुलाब सुरू झाले. बाहेरचं खाल्ल्याने असतील म्हणून दोन दिवस ओआरएस दिलं. ते या औषधाचे जुलाब होते. पहारेकरी जागे झाले की कधीकधी आपल्याच आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसावर, यकृतावर धावून जातात. पुण्याच्या डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. ३ जानेवारी २०२४ ला दाखल केलं, सहा दिवस, स्टिरॉइडची इंजेक्शनं. दाखल करण्याआधी अनामत भरायला सांगितली. रात्री साडेदहाला मी आणि पुतण्या काउंटरसमोर उभे, आणि यजमान मागे व्हीलचेअरवर पोट धरून बसलेले. पुतण्याने स्वतःच्या कार्डवर पैसे भरले. आम्ही घेतलेल्या प्रवास विम्याने आधीपासूनच्या आजाराचा खर्च देत नाही म्हणून हात वर केले. पॉलिसीत ते लिहिलेलंच होतं, आम्ही वाचलं नव्हतं. त्या सहा दिवसांचं बिल १७,३०० डॉलर. सिंगापूरचा जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ८ चा ९ टक्के झाला होता, तोही त्यात लागला.

रोजकीर्दीतली बेरीज देते. तीन डोस मिळून ३७,७०० डॉलर, तपासण्या आणि फी ५,६००, दाखल केल्याचे १७,३००. एकूण ६०,६०० डॉलर, म्हणजे ३७ लाख ५७ हजार रुपये. विमान, खोली, खाणं, फिरणं यांचे ६ लाख ४० हजार. अकरा आठवड्यांत जवळजवळ ४४ लाख रुपये, आणि हातात तीन डोस. अंदाजपत्रक २२ लाखांचं होतं.

पैसे पाठवण्याबद्दलही चार शब्द लिहिते, हे लोकांना कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि उपचारासाठी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडलं तर त्याहून जास्तही. पण बँक त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. आमच्या वेळी ७ लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के होता. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली. आम्ही ४० लाख पाठवले, त्यावर १ लाख ६५ हजार कापले गेले. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरलं की करात वळती होते किंवा परत मिळते. पण ती मिळते पुढच्या वर्षी, आणि ऐन गरजेच्या आठवड्यात तेवढे पैसे खात्यातून कमी असतात. म्हणून पैसे पाठवताना फॉर्मवर ‘वैद्यकीय उपचार’ हेच कारण लिहिलंय ना, ते स्वतः बघा. आमच्याकडे एका हप्त्याला चुकून दुसरं कारण पडलं होतं, मी बँकेत काम केलेलं म्हणून माझ्या नजरेत आलं.

२१ जानेवारीला आम्ही परत आलो. स्टिरॉइड हळूहळू कमी करत मार्च उजाडला, आणि पुण्याच्या त्याच डॉक्टरांकडे चौथा डोस झाला. ते आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. तो कागद मी त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी फक्त तारीख बघितली.

इथे या औषधाची छापील किंमत काही कमी नव्हती, दोन बाटल्यांचे चार लाखांच्या आसपास. पण इथे कंपनीच्या रुग्ण-साहाय्य योजनेत डॉक्टरांनी नाव घातलं. काही डोस विकत घेतल्यावर पुढचे कंपनीकडून मिळाले. ही सोय परदेशी जाऊन रोख पैसे भरणाऱ्या रुग्णाला नसते. आठव्या डोसापासून तर पुण्यालाही जावं लागलं नाही. डॉक्टरांनी मिरजेतल्या एका रुग्णालयाशी बोलून तिथेच सोय केली. विश्रामबागेतल्या आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. पहिल्या दिवशी मिरजेच्या सिस्टरने बर्फाच्या डब्यातून बाटल्या काढल्या तेव्हा मी वही उघडून नाव ताडून पाहिलं. सिस्टर म्हणाली, “काय बघताय काकू?” मी म्हटलं, “काही नाही, जुनी ओळख आहे.” सलाइन संपल्यावर यजमानांनी बाहेरच्या गाड्यावर चहा घेतला. दोन कप घेतले.

मिरजेला कर्नाटकापासून लोक उपचाराला येतात, शंभर वर्षांपूर्वीपासून येतात. आणि मिरजेच्या शेजारी राहून आम्ही कुठे गेलो होतो!

मार्च २०२४ ते एप्रिल २०२५ इथे १९ डोस झाले. औषध, तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या, सगळं धरून २३ लाख ८० हजार. तिकडचे तीन डोस ४४ लाखांत, इथले एकोणीस डोस २४ लाखांच्या आत. हे माझ्या एका घराचे आकडे आहेत, दुसऱ्याचे वेगळे येतील, पण रोजकीर्द खोटं बोलत नाही. एप्रिलच्या स्कॅनमध्ये आजार पुन्हा वाढलेला दिसला. आषाढी एकादशी झाल्यावर अकरा दिवसांनी, १७ जुलैला, यजमान गेले. घरीच गेले, नात शेजारी होती.

औषधाने त्यांना जवळपास पावणेदोन वर्षं दिली, त्यातले बरेच महिने चांगले गेले. त्यामुळे इम्युनोथेरपीविरुद्ध मी बोलत नाही, बोलणारही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘इम्युनोथेरपी’ हे औषधाचं नाव नव्हे. बाजारात ‘धान्य’ द्या म्हटलं तर दुकानदार काय देईल? ज्वारी, तांदूळ, की जनावरांचा भुसा? नाव सांगावं लागतं.

याचं दुसरं उदाहरण आमच्याच गल्लीत घडलं. शेजारच्या बाईंच्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग. त्यांना जर्मनीतल्या एका खासगी क्लिनिकचं अंदाजपत्रक आलं, कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. त्यावर ‘डेंड्रिटिक सेल व्हॅक्सिन’ असं होतं आणि युरोत मोठी रक्कम. शब्द इम्युनोथेरपीचाच. पण रुग्णाच्या रक्तातल्या पेशींपासून करायची या प्रकारची जी लस अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झाली, ती प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आहे, स्वादुपिंडासाठी नाही. जपानमध्येही अशी खासगी क्लिनिकं आहेत, विम्याबाहेर, रोख पैशांवर चालणारी, रुग्णाच्या पेशी वाढवून परत टोचणारी. म्हणून कागद हातात आला की विचारावं: हे औषध या देशाच्या औषध नियंत्रकाने याच कर्करोगासाठी मंजूर केलंय का, की फक्त इथे द्यायला बंदी नाही एवढंच? या दोन गोष्टींत फार अंतर आहे. शेजारच्या बाईंनी हा प्रश्न लेखी पाठवला. उत्तर आलं, त्यात ‘हो’ही नव्हतं आणि ‘नाही’ही. त्या गेल्या नाहीत.

परदेशी जाण्याची खरी गरज असते, तीही मला माहीत आहे. जे औषध किंवा जी पद्धत इथे नाहीच, त्यासाठी जावं लागतं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी रुग्णाच्याच गाठीतल्या पेशी वाढवून परत द्यायचा एक उपचार अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याची किंमत ५ लाख १५ हजार अमेरिकी डॉलर होती. काही जण नव्या औषधाच्या चाचणीत नाव लागतं म्हणून जातात, तिथे औषध फुकट मिळतं, राहणं-खाणं आपलं. पण इथे नाही म्हणून जी यादी लोक सांगतात ती दरवर्षी जुनी होते. कार-टी उपचाराचंच बघा, रुग्णाच्याच प्रतिकार करणाऱ्या पेशी बदलून त्या परत द्यायच्या. रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत तो २०१७ मध्ये आला तेव्हा ४ लाख ७५ हजार अमेरिकी डॉलरला होता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून इथेच तो उभा केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला आपल्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला त्याचं लोकार्पण झालं. परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो मिळतो. ही रक्कमही लहान नाही. पण ज्याच्यासाठी घर विकून लोक परदेशाची वाट धरायचे, ते आता मुंबईत आहे हे किती जणांना माहीत आहे?

आणि आपल्या भागात तंबाखूमुळे तोंडाचे कर्करोग भरपूर, म्हणून हेही लिहिते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. निव्होलुमॅब हे याच जातीचं औषध एरवी २४० मिलिग्रॅम देतात, त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाने सुमारे १६ टक्के हयात होते, हे औषध जोडलेल्यांपैकी ४३ टक्के. बाराव्या हिश्शाएवढा डोस! हे सगळ्या कर्करोगांना लागू नाही, माझ्या यजमानांना ते लागू नव्हतं, डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. पण हे काम परळमध्ये झालं, आणि आपल्याकडचा रुग्ण ते न विचारताच पासपोर्ट काढायला जातो.

दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्यावं, मी म्हणते घ्यायलाच पाहिजे. टाटाच्या तज्ज्ञांचं मत आता फाइल ऑनलाइन पाठवूनही मिळतं. परदेशी डॉक्टरांचंही व्हिडिओवर मिळतं. आम्ही मतासाठी माणूस नेला, कागद पाठवून भागलं असतं.

विम्याचंही एक राहिलं. ऑक्टोबर २०२० पासून आरोग्य विम्याच्या नियमांत इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आली आहेत, कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाहीत. मर्यादा मात्र घालता येते, ती प्रत्येक पॉलिसीत वेगळी, म्हणून आधी बघून घ्यावी. आमच्या पाच लाखांच्या पॉलिसीतून इथल्या डोसांना पैसे मिळाले, सिंगापूरच्या बिलांना एक रुपया नाही. जीएसटीचंही तसंच. यजमानांच्या औषधावरचा कर २०२१ मध्येच १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवर तो शून्य झालाय. आपलं औषध त्या यादीत आहे का, हे औषधाचं नाव माहीत असेल तरच बघता येईल ना?

आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली आपल्याच दैनिकाकडे. उपचाराची जाहिरात घेताना औषधाचं नाव, ते कुठल्या कर्करोगासाठी मंजूर आहे आणि एकूण किती डोसांचा अंदाज आहे, या तीन गोष्टी छापायला लावा. जाहिरातदार नाही म्हणाला तर त्याचं कारण विचारा. जाहिरातीच्या पैशावर वृत्तपत्र चालतं हे मला कळतं, पण त्याच पानाच्या मागे दर आठवड्याला ‘मदतीचं आवाहन’ही असतं, आणि ती माणसं कुठून येतात हे आपणही बघता.

दुसरी मागणी आरोग्य खात्याकडे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दुपार, एक कर्करोगतज्ज्ञ आणि एक समाजसेवा अधीक्षक बसवा. लोक परदेशी अंदाजपत्रक घेऊन येतील. तज्ज्ञांनी एवढंच सांगायचं: हे औषध कुठलं, इथे मिळतं का, डोस किती लागतात, बिघाड झाला तर दाखल करण्याचा खर्च कोण देणार. त्या चौकशीला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं सप्टेंबर २०२३ मध्ये मला मिळाली असती तर यजमानांनी ती दिवाळी नातीबरोबर घरी केली असती.

येत्या रविवारी त्या हॉटेलात मी जाणार आहे. वही घेऊन दाराशी उभी राहीन, कोणाला अडवणार नाही. ज्यांना बघायची असेल त्यांनी बघावी. त्यांच्या हातातल्या कागदावरचा दर फेरीचा आकडा ३५ ने किंवा डॉक्टर सांगतील त्या संख्येने गुणून द्यायला मला आवडेल. कॅल्क्युलेटर माझ्याकडे असतो.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
विश्रामबाग, सांगली
(नाव छापू नये ही विनंती. नाव, पत्ता आणि बिलांच्या प्रती आपल्या कार्यालयात दिल्या आहेत.)